तू वाटलेले वाढदिवस

आई, तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले होते. सदा दारात उभा राहिला. काखेत तुझा मोठा करून आणलेला फोटो, कपाळावर घाम. आत न येताच म्हणाला, "कुंदे, पेंटर खाली नाक्यावर थांबलाय. काकीची जन्मतारीख सांग पटकन."

तुझा फोटो म्युनिसिपालिटीच्या शाळेत लावायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. फोटोखाली पांढऱ्या रंगात दोन तारखा लिहायच्या. दुसरी सदाला पाठ होती. पहिलीसाठी तो डोंगर चढून आला होता.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मावशीकडे बघितलं. मावशी तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

या डोंगरावरच्या चाळीसेक मुलांना तू जन्मतारखा दिल्यास आणि तुझी स्वतःची घरात कुणालाच माहीत नव्हती. मला तर माझीही माहीत नाही. कागदावरची आहे, ती खोटी. खरी तू कधी सांगितली नाहीस. त्यावरून आपण भांडलो, आणि ते भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस. तोंडावर बोलणं मला कधी जमलं नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहिते आहे.

देवगडच्या बाजूचं गाव सोडून तू मला काखेत घेऊन आलीस तेव्हा घाटकोपरचा हा डोंगर नुसता दगड आणि गवत होता, असं तू सांगायचीस. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात. आजूबाजूला सगळी कोकणातलीच माणसं, कुडाच्या भिंती, वर पत्रे. मला आठवतं ते तुझ्या पहिल्या मिरवणुकीपासून. मी पाचेक वर्षांची असेन. जून महिना होता. तू दारोदार फिरून सात मुलं गोळा केलीस, साती डोक्यांना तेल चोपडलंस, आणि ओळीनं खाली उतरवून शाळेत नेलीस. मागून त्यांच्या आया, आणि सगळ्यात शेवटी तुझं पातळ धरून मी.

गुरुजींनी विचारलं, "जन्मतारखा?"

आयांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, थोरल्या दिराचं लगीन झालं त्याच्या मागच्या पुढच्याला. दुसरी म्हणाली, आमची काळी म्हैस व्याली त्या आठवड्यात. गुरुजी चांगला माणूस. त्यांनी टाक उचलला आणि म्हणाले, "काळजी करू नका. सगळ्यांची एक जून लिहितो. सगळीकडे असंच लिहितात."

तू पुढं झालीस. "सगळ्यांका एकच तारीख? ही काय कोंबडीची पिल्लां, गुरुजी?"

गुरुजींनी टाक खाली ठेवला. "मग तुम्ही सांगा, बाई."

"उद्या सांगतंय," तू म्हणालीस आणि सातही फॉर्म घेऊन आलीस.

त्या संध्याकाळी वाण्यानं दिलेलं कॅलेंडर तू भिंतीवरून काढून मांडीवर घेतलंस. एकेक पोर समोर उभं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायचा. बोटं कानाला लागली, की सहा पुरी. मग दात मोजायचे. मग त्याच्या आईला विचारायचं, ह्याच्या वेळी घरात काय शिजत होतं? फणस, की नवे तांदूळ, की वालाच्या शेंगा? महिना त्यावरून निघायचा. दिवस मात्र तू पोराचा स्वभाव बघून द्यायचीस. सदा कुणाच्याही घरात आमंत्रण असल्यासारखा घुसायचा, त्याला दसरा. बबन गोड दिसलं की हात पुढं करायचा, त्याला संक्रांत. त्याची बहीण शांती एकदा रडायला लागली की थांबायची नाही, तिला अक्षय्य तृतीया.

दुसऱ्या दिवशी गुरुजी फॉर्म वाचता वाचता अडले. "अहो बाई, बबन आणि शांती सख्खी भावंडं ना? ह्यांच्यात चारच महिन्यांचं अंतर?"

साल लिहिताना तू दोघांचंही एकच लिहून टाकलं होतंस. पण चुकलं असं म्हणशील तर ती तू कसली! मान जराही खाली न घालता तू विचारलंस, "गुरुजी, तुमी किती बाळंतपणां केल्यात?"

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी शांतीचं साल स्वतःच्या हातानं एकानं पुढं सरकवलं.

दुसरी चूक कळायला वर्ष लागलं. सणांच्या तारखा तू त्या वर्षीच्या कॅलेंडरातून उतरवल्या होत्यास. पुढच्या वर्षी दसरा दुसऱ्याच तारखेला आला. सदा रडत रडत आपल्या दारात. "काकी, माझो दसरो हललो!"

तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "दसरो हलतलो. तू हलू नको. तुजी तारीख ती तुजी." पण पोर रडायचं थांबेना, म्हणून त्याला तारखेलाही ओवाळलंस आणि दसऱ्यालाही. झालं! ही बातमी डोंगरभर पसरली आणि प्रत्येकाला दोन दोन वाढदिवस हवे झाले. एक पाट, एक निरांजन, एक घावणा आणि गुळाचा खडा. तू कुणाला नाही म्हणाली नाहीस. पुढं दर जूनला नवी मिरवणूक खाली जायची, नव्या तारखा वाटल्या जायच्या. नळासाठी वॉर्ड ऑफिसात मोर्चा न्यायची वेळ आली, लस टोचणाऱ्या बाईंना वर आणायची वेळ आली, तेव्हा सगळा डोंगर तुझ्या मागं का निघाला याचं लोकांना नवल वाटायचं. मला नाही वाटलं. ज्यांच्या मुलांना तू वर्षातून दोनदा ओवाळलंस, त्या बायका घरात कशा बसतील?

मी मात्र त्या ओळीत कधी नव्हतेच. मला तू खालच्या कॉन्व्हेंटात घातलंस. शांतीची आई चारचौघींत म्हणाली होती, "आमची पोरां म्युनिशिपालटीत, आणि हिचां चेडू मडमांकडे!" तू म्हणालीस, "इंग्रजी फॉर्म इलो तर वाचतलो कोण? तुजो बबन?" म्हणजे सगळ्या डोंगराला एक इंग्रजी वाचणारं माणूस हवं होतं, ते तू घरात तयार करायला घेतलंस. दहाव्या वर्षापासून मी लोकांचे फॉर्म वाचते आहे.

पण कॉन्व्हेंटात बालवर्गाला लहान मूल लागायचं आणि मी मोठी झाले होते. तू माझी दोन वर्षं कापलीस. एवढ्यावर थांबली असतीस तर ती तू नव्हेस. आठवडाभर रोज सकाळी तू मला समोर उभं करून कान धरायला लावायचीस, आणि बोटं कानाला लागली की चापट. "हात आखूड कर. आणिक आखूड." मी रडकुंडीला यायचे. मला कान धरता येत होता आणि तो धरायचा नव्हता. मुलाखतीला सिस्टरच्या शेजारी उभी असलेली आया म्हणालीच, "कान धर बघू, बाळा." माझी बोटं कानाच्या बोटभर वर येऊन थांबली. सिस्टर हसून म्हणाल्या, "व्हेरी स्मॉल." परत येताना तू मला खारे दाणे घेऊन दिलेस आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलीस, माझी कुंदा हुशार.

आपल्याला येतं ते दाखवायचं नाही, हा माझ्या शिक्षणाचा पहिला धडा. तो मी इतका मनावर घेतला की पुढं तूच वैतागायचीस. "बोल मगो! तोंडात काय खडीसाखर आसा?"

आणि मला दिलेली तारीख! सदाला दसरा, शांतीला अक्षय्य तृतीया, आणि मला तीन फेब्रुवारी. ना सण, ना उपास. मी विचारलं, मलाच अशी कोरडी का? तू हळूच म्हणालीस, "ती मडम हुशार आसा. खरी वाटाक व्हयी."

अकरावी झाले तेव्हा टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली. इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मला ती नोकरी फार हवी होती, कारण त्यात समोर माणूस नसतो, नुसता आवाज असतो. अट एकच, अठरा पूर्ण. मी खरी अठराची होते, कागदावर सोळा. फॉर्म परत आला. त्या दिवशी मी तुला म्हटलं, "माझी खरी तारीख सांग. मी कागद बदलून घेते."

"सांगतलंय कधीतरी," तू म्हणालीस.

"कधी?"

"सांगतलंय मगो. घाई कसली?"

आठवड्यानं परत विचारलं तर म्हणालीस, "तुजी बदललस की इचारतले, खोटी कोणी लिवली? मग सदाची बघतले. मग शांतीची. एक टाको उसवलो की गोधडी जाता."

"आणि माझं काय?" मी म्हटलं. "लोकांच्या पोरांना दोन दोन वाढदिवस दिलेस, आणि माझी दोन वर्षं खाल्लीस."

तू गप्प झालीस. वॉर्ड ऑफिसरला गप्प करणारी तू. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

दोन वर्षं मी शिकवण्या केल्या. कागदावर अठरा झाले तेव्हा पुन्हा अर्ज केला आणि जागा मिळाली. नेमणुकीचं पत्र तू, इंग्रजी वाचता येत नसताना, खालपासून वरपर्यंत प्रत्येक घरात दाखवलंस. तरी मी अडून बसले. दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचेच, खरी तारीख कुठली? तुझं ठरलेलं, सांगतलंय. मग या फेब्रुवारीत तू पाट मांडलास, निरांजन लावलंस, आणि मी म्हटलं, "खोट्या तारखेला मी बसणार नाही." तू शेजारच्या तान्ह्या बाळाला आणून पाटावर बसवलंस, त्याला ओवाळलंस, आणि म्हणालीस, "लावलेली वात फुकट कित्याक घालवू?" बाळ हसलं. तूही हसलीस. मी डबा घेऊन कामावर गेले.

त्यानंतर तुझी छाती दुखायला लागली आणि पुढचं सगळं फार भराभर झालं. ते मी लिहिणार नाही.

तर सदा दारात उभा होता. मी मावशीला विचारलं, "मावशी, तू तिच्याहून मोठी. तुला तरी माहीत असेल?"

"आमच्या वेळी कोण लिवन ठेयता?" मावशी म्हणाली.

मग मला तुझी रीत आठवली. मी तिच्यासमोर बसले. "ती झाली तेव्हा घरात काय शिजत होतं?"

मावशीचे हात सुपात थांबले. तिचा चेहराच बदलला. "फणस! आये सांदणां करी होती. माका आठावता, माका कोणी वाढूकच नाय त्या दिवशी." चाळीस वर्षांचा राग होता तो. फणस, म्हणजे मे महिना. आणि साल? "मोठां वादळ इला, कौलां उडाली, तेच्या फुडल्या वर्सा."

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "वादळ अठ्ठेचाळीसचं." तेराव्यानंतर बाबांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. त्यांना कोण अडवणार? मी सदाला म्हटलं, "लिही. मे महिना, एकोणपन्नास साल." "आणि दिवस?" "बारा." बारा का, ते विचारू नकोस. तोंडात आला.

सदा धावत खाली गेला. मी तिथंच बसून होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, मग माझी? माझी तरी खरी तारीख तुला माहीत आहे?"

मावशी म्हणाली, "तुझी? तुझ्या आवशीक तरी खंय ठावक होती?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"आठ दिवस तापान फणफणली होती ती. शुद्धीवर इली ती इचारूक लागली, चेडू कोणत्या दिवशी जालां? आमी सगळी लावणीत. सुईण म्हणी आषाढ, आये म्हणी श्रावण लागलो होतो. दोघी भांडली, पण दिवस कोणी सांगूक नाय. मुंबयक जाईसर ती ज्येका त्येका इचारी होती."

म्हणजे तू लपवत नव्हतीस. तुझ्याकडे ती नव्हतीच.

आई, "मला माहीत नाही" एवढं म्हणायचं होतंस. मी दोन दिवस रागावले असते आणि विषय संपला असता. पण ते शब्द मी तुझ्या तोंडून कधी ऐकलेलेच नाहीत. रेशन ऑफिसात नाही, दवाखान्यात नाही, गुरुजींसमोर तर नाहीच. माझ्यासमोर ते म्हणायची तुला लाज वाटली का गं? की वाटलं, कधीतरी कुणीतरी गावाहून येईल, त्याला आठवत असेल, आणि मग मला खरंच सांगता येईल? मी तीन वर्षं तुझ्याकडे ते मागत राहिले जे तू माझ्या जन्मापासून शोधत होतीस. फेब्रुवारीत पाटावर बसले असते तर माझं काय जात होतं?

संध्याकाळी सदा फ्रेम घेऊन आला. पांढरी, वळणदार अक्षरं. भिंतीला टेकवून आम्ही सगळे बघत उभे राहिलो. सदा अग्निशमन दलात आहे, पण हिशेबाला पहिल्यापासून पक्का. तो बोटांवर मोजायला लागला.

"कुंदे, एकोणपन्नास म्हणजे काकी एकोणतिसाव्या वर्षी गेली."

"मग?"

"आणि तू कागदावर एकोणीस. म्हणजे काकी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी! वाट लागली!"

मावशीनं कपाळाला हात लावला. "गो बाय, ता वादळ न्हय! तेच्या आदलां! मी तेवा एवढीशी होतंय!" मावशीचं वादळ वेगळं आणि बाबांचं वेगळं. दोघांनी आपापलं वादळ सांगितलं होतं, आणि मी मधे बसून त्यांची बेरीज केली होती. बाबा म्हणाले, "वादळ अठ्ठेचाळीसचंच." मावशी म्हणाली, "तुमचां आसात, आमचां न्हय!" अर्धा तास ते दोघं वादळांवरून भांडले, आणि खरं सांगते, घरात इतकं बरं वाटलं!

सदा म्हणाला, "पेंटर अजून नाक्यावर आहे. पुसून आणू?"

फोटोत तुझे कानाजवळचे केस पांढरे दिसत होते. मी म्हटलं, "नको. राहू दे."

"अगं, चूक आहे ती."

"खरी कुठाय मग? असली तर दे, लिहू."

तो फ्रेम उचलून घेऊन गेला.

काल शाळेत तुझा फोटो लागला. सगळा डोंगर खाली उतरला होता. बबन, शांती, तिची दोन मुलं, पहिल्या ओळीतली सातही जणं. निवृत्त झालेले गुरुजी पुढच्या खुर्चीत. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं, तू असतीस तर चिमटा काढला असतास. बोलायला उभ्या राहिल्या त्या नव्या मुख्याध्यापिका. बिचाऱ्यांनी तुला कधी पाहिलेलंही नव्हतं. फोटोकडे वळून त्यांनी तारखा मोठ्यानं वाचल्या, मनात वजाबाकी केली आणि त्यांचा आवाज जड झाला. "अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी! एवढ्या कोवळ्या वयात बाईंनी एवढं काम उभं केलं."

बायकांमधून मोठा उसासा निघाला. शांतीची आई, सोळा वर्षं तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली, शेजारणीला म्हणाली, "बघ गो, आणि आमका वाटलां, चाळीस तरी आसतली."

गुरुजींनी मान वर केली. फोटोखालच्या तारखा वाचल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हळूच मागं वळून माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मला ते पाहवलं नाही. मी पदर तोंडात कोंबला, पण हसू थांबेना. पोटातून उमाळे यायला लागले, मी खाली वाकले. तू गेल्यापासून मी रडले नव्हते, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. त्यामुळे बायकांना वाटलं, आलं एकदाचं. मावशीनं मला जवळ ओढलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गो बाय, रड. मोकळी हो."

मी हसतेय हे तिला सांगावं म्हणून मी तोंड वर केलं, तर मला सांगता येईना.